वेचलेले बी आणि घरची जमीन

(शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी हा उपक्रम सुरू केला आणि शाळा व वृक्षारोपण यांचे नाते जडले. खड्डे खणले जातात, रोपवाटिकेतून रोपे येतात, पाहुण्यांच्या हस्ते ती लावली जातात. पुढे त्यांच्या जगण्यामरण्याची चौकशी बहुधा पुढच्या जुलैतच होते. या पद्धतीत विद्यार्थ्याच्या वाट्याला रोपाची पिशवी धरण्यापलीकडे फारसे काही येत नाही. रोप कोणत्या झाडाच्या बियांपासून झाले, ते बी केव्हा पिकले, कोणी वेचले, हे त्याला कळत नाही. आजच्या विवेचनाचा विषय याहून साधा आणि पुष्कळ जुना आहे. मुलाने गावच्या झाडाखालचे बी स्वतः वेचावे आणि आपल्या कुटुंबाच्याच जमिनीत रुजवावे, एवढाच तो विषय.

इंग्लंडात ओक नावाचा मोठा वृक्ष होतो. त्याच्या कुळातील बांज हिमालयात आहे. आपल्या सह्याद्रीत मात्र ओक नाही. ओकला फळे धरू लागण्यास साधारण चाळीस वर्षे लागतात. शरद ऋतूत ती खाली पडतात आणि त्यांचा एक स्वभाव असा की, ती वाळली की मरतात. धान्याप्रमाणे कणगीत भरून ठेवावीत आणि सवडीने पेरावीत, असे त्यांच्या बाबतीत चालत नाही. ती पडताच वेचावी लागतात, पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ वा किडकी फळे वेगळी काढावी लागतात आणि उरलेली ओली असतानाच मातीत घालावी लागतात. इंग्लंडचे नौसेनापती कॉलिंगवुड हे खिशात ओकची फळे बाळगीत आणि फिरावयास निघाले म्हणजे जागा दिसेल तेथे टाकीत, अशी त्यांची ख्याती आहे. आरमाराला पुढे लाकूड कमी पडू नये, हा त्यांचा हेतू. कॉलिंगवुड १८१० साली वारले. ओकचे लाकूड जहाजाजोगे होण्यास शतकभर तरी लागते, आणि तोपर्यंत जहाजे लोखंडाची होऊ लागली होती. ज्या कामासाठी बी टाकले ते काम उरले नाही. झाडाने दिलेली सावली, फळ आणि पाखरांचा आसरा यांचे मोल मात्र उरलेच.

त्याच आरमाराची काही जहाजे मुंबईच्या गोदीत सागाच्या लाकडाची बांधली गेली. १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे त्यांपैकी एक जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. आपल्या जिल्ह्याला तर जहाजाच्या लाकडाचा इतिहास याहूनही जुना आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि येथील खाडीत मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम दिलेले आहेत. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. तरी रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये, असे त्यात बजावले आहे. कारण असे दिले आहे की, ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे पुष्कळ काळ जपून वाढविलेली असतात. घरच्या जमिनीतील झाडाचे मोल राज्यकर्त्यांनी जाणले होते, याचा हा पुरावा होय.

आता आपल्या परिसराकडे वळू. ठाण्याच्या माजिवड्याहून निघणारा घोडबंदर रस्ता मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख या गावांवरून घोडबंदरास जातो. त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग, आणि दुसऱ्या अंगास उल्हास नदीची खाडी. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पूर्वी भातखाचरे, वाड्या आणि पाडे होते. भातखाचराच्या वरच्या अंगाला वरकस जमीन असे. तीत गवत वाढे. ऐन वगैरे झाडांच्या फांद्या छाटून भाताच्या राबासाठी नेल्या जात. मोह, जांभूळ, आंबा, फणस ही झाडे बांधावर उभी असत आणि कोणते झाड कोणत्या घराचे हे सर्वांस ठाऊक असे. गेल्या तीन-चार दशकांत या पट्ट्यात उंच इमारती उभ्या राहिल्या. उद्यानातील रान राखले गेले, परंतु घरच्या जमिनीतील झाडे पुष्कळ ठिकाणी गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे बी गेले आणि ते केव्हा वेचावे याचे घराघरांतील ज्ञानही जाऊ लागले.

याच रस्त्यावर ओवळे येथे याच्या उलट घडलेले एक उदाहरण आहे. ओवळेकर कुटुंबाच्या सुमारे दोन एकरांच्या वाडीत फुलपाखरांच्या सुरवंटांना लागणारी झाडे आणि मध देणारी फुलझाडे लावण्यात आली. फुलपाखरे बाहेरून विकत आणावी लागली नाहीत. लगतच्या रानातून ती आपण होऊन आली. प्रत्येक जातीच्या सुरवंटाचा पाला ठरलेला असतो. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेल्या नीलवंताचे सुरवंट लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. पिवळसर पांढऱ्या रंगाची काही फुलपाखरे बहाव्याच्या पानांवर अंडी घालतात. योग्य झाड असले म्हणजे दोन एकर जमीनही थोडी नव्हे, हे या वाडीवरून दिसून येते.

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांतील गावांत ही झाडे अद्याप पुष्कळ आहेत. तेथील शिक्षकाला घोडबंदर रस्त्याच्या उदाहरणाचा उपयोग एवढाच की, बी मिळते आहे तोवर ते रुजविण्याचे काम हाती घ्यावे.

बियांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ओकच्या फळासारखा, न थांबणाऱ्या बियांचा. आंबा, फणस, जांभूळ आणि मोह हे त्यात येतात. यांचे बी ओले असते. ते सुकले की निकामी होते. कडुनिंबाचे बीही काही आठवड्यांतच कस गमावते. दुसरा वर्ग थांबणाऱ्या बियांचा. बहाव्याचे बी टणक कवचामुळे दीर्घकाळ टिकते, परंतु कवच थोडे घासल्यावाचून किंवा गरम पाण्यात भिजविल्यावाचून लवकर उगवत नाही. सागाचे फळ आठदहा दिवस रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळविले, तर त्याची उगवण सुधारते. बेहड्याचा वरचा गर काढून आतली बी भिजवून लावावी. ऐनाच्या पंखदार फळांत पोकळ फळे पुष्कळ निघतात, म्हणून ती अधिक संख्येने पेरावीत.

येथे शाळेच्या दृष्टीने एक अडचण आहे आणि तिचा विचार शिक्षकाने आधीच केला पाहिजे. मोहाची फुले मार्च-एप्रिलात गळतात, फळे मेअखेरपासून पिकू लागतात. फणस आणि आंबा उन्हाळ्यात, जांभूळ जूनमध्ये. म्हणजे न थांबणारे बी जेव्हा पडते तेव्हा शाळेला सुट्टी असते किंवा ती नुकतीच उघडलेली असते. वनमहोत्सवाची वाट पाहत बसल्यास मोहाचे पुष्कळसे बी तोवर वाळून गेलेले असते. शाळेचा दिनक्रम बियांना लागू पडत नाही. म्हणून बियांचा दिनक्रम शाळेने ओळखला पाहिजे.

याकरिता मार्च महिन्यातच मुलांना घेऊन एक फेरी काढावी. गावातील जुनी, निरोगी, भरपूर फळणारी झाडे हेरावीत. कोणते झाड कोणाच्या मालकीचे, ते केव्हा फळते, त्याचे गावातील नाव काय, ही माहिती घरच्या वडीलधाऱ्यांकडून मुलांनी विचारून आणावी. आजीला विचारावयाचा हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील प्रश्नाहून कमी मोलाचा नाही. नंतर सुट्टीचा अभ्यास म्हणून प्रत्येक मुलाला दहा बिया वेचून घरच्या बांधावर लावण्याचे काम द्यावे. एकाच झाडाच्या बिया सर्वांनी घेऊ नयेत. चारपाच झाडांच्या घ्याव्यात, म्हणजे पुढची झाडे एकाच वाणाची होत नाहीत.

बी वेचण्यातही मर्यादा पाळावी लागते. मोहाच्या बियांचे तेल निघते आणि काही कुटुंबांना त्याचा आधार असतो. म्हणून झाडाच्या धन्याला विचारून मूठभरच बी घ्यावे, टोपली भरू नये. राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीतून काहीही उचलू नये, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. बी घ्यावयाचे ते घरच्या बांधावरचे, नाहीतर धन्याच्या संमतीचे.

लावण्याची रीत सोपी आहे. मोहाचे फळ पिळून गर काढावा, बी धुऊन सावलीत पुसून घ्यावे आणि दोनतीन दिवसांतच लावावे. माती हातभर खोल भुसभुशीत करून घ्यावी. बी जितके जाड, साधारण तितकाच मातीचा थर त्यावर असावा. एका जागी दोन किंवा तीन बिया घालाव्यात. मोहाचे मूळ आधी सरळ खोल जाते. पिशवीत ते वळते आणि रोप पुढे दुबळे राहते, म्हणून शक्यतो बी कायमच्या जागीच लावावे. पहिल्या वर्षी वर थोडीच पाने दिसतात. झाड वाढत नाही असे मुलांना वाटते. त्या वेळी मातीखाली काय चालले आहे ते शिक्षकाने समजावून द्यावे.

उगवल्यानंतरचे शत्रू तीन : जनावर, गवत आणि वणवा. शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. पावसाळ्यात भोवतालचे गवत दोनदा काढावे आणि तेच बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे. दिवाळीनंतर या आच्छादनाने ओल टिकते. होळीपूर्वी मात्र आच्छादन दूर करून रोपाभोवती हात-दोन हात जमीन साफ ठेवावी, म्हणजे वणव्याची धग कमी पोहोचते. इतके करूनही सर्व रोपे जगत नाहीत. दहा बियांतून दोन झाडे उभी राहिली तरी ते यश मानावे आणि मुलालाही तसेच सांगावे. मेलेल्या रोपाची लाज वाटून नोंद लपविण्याची सवय लागता कामा नये.

पालकांच्या मनात एक शंका हमखास येते व तिची हेटाळणी करू नये. ‘रानझाड वाढविले तर उद्या जमीन सरकारजमा होईल’, असे ते म्हणतात. या भीतीला कारण आहे. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ सालच्या राज्य अधिनियमाप्रमाणे मोह, साग, ऐन, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. खाजगी वने संपादन करण्याचा अधिनियम १९७५ साली झाला व ठाणे जिल्ह्यातील अनेक जमिनींविषयी त्यावरून दीर्घकाळ वाद चालले. शिक्षक हा वकील नव्हे. त्याने कोणतीही हमी देऊ नये. झाडांची नोंद गावदप्तरी कशी होते व तोडीची परवानगी कशी मिळते, हे सांगण्यासाठी गावचा महसूल अधिकारी आणि वनरक्षक यांना एकदा पालकसभेस बोलवावे. ज्या कुटुंबाचे समाधान होणार नाही त्याच्या मुलाने घराच्या परसात जांभूळ किंवा फणस लावावा. शंका दाबून लावलेल्या झाडापेक्षा समजून लावलेले झाड अधिक टिकते.

वर्गात यासाठी एक साधी वही पुरे. प्रत्येक मुलाचे एक पान. त्यावर झाडाचे नाव, बी कोणाच्या बांधावरचे, लावल्याची तारीख, उगवल्याची तारीख, दिवाळीतील उंची आणि होळीला रोप जिवंत आहे की नाही. यातूनच गणिताला शेकडेवारी मिळते, परिसर अभ्यासाला निरीक्षण मिळते आणि भाषेला निबंधाचा खरा विषय मिळतो. शिक्षकाची बदली झाली तर ही वही नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.

मोहाला पहिली फुले येण्यास दहाबारा वर्षे तरी लागतात. तोवर तिसरीतला विद्यार्थी मिसरूड फुटलेला तरुण झालेला असतो आणि शिक्षक बहुधा दुसऱ्या गावी असतो. या कार्याचे श्रेय त्या शिक्षकाला मिळेलच असे नाही. परंतु त्या कुटुंबाच्या बांधावर एक झाड उभे असते, ते कोणाच्या बियांचे हे सांगणारा त्या घरात कोणीतरी असतो, आणि फळे खाली पडू लागली म्हणजे ती वाळण्यापूर्वी वेचली पाहिजेत हे त्याला ठाऊक असते. येत्या मार्चमध्ये प्रत्येक शाळेने अशी एक फेरी काढावी, एवढीच शिक्षकवर्गास विनंती.