पंगत, पोशाख आणि समुद्रपर्यटन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांनी मिळून एखादे समुद्रपर्यटन करावे, ही कल्पना गेले काही महिने आपल्यात घोळत आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या पोलादाच्या गावी ती निघावी, यात नवल नाही. जे दाराशी नसते, त्याचीच ओढ माणसाला अधिक. मात्र चर्चा पुढे सरकली तशी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. भाड्याचा आकडा ऐकून मागे सरलेले सभासद थोडे. "तिथे म्हणे झगा घालावा लागतो", "सुटाबुटावाचून म्हणे पानावर बसू देत नाहीत", "आमच्या शाकाहाराचे काय?" असे म्हणून मागे सरलेल्या भगिनी आणि वडीलधारी मंडळी मात्र पुष्कळ. पैशाची अडचण असेल तर तिला आपला इलाज नाही. परंतु वर्षानुवर्षे एका पंगतीत जेवलेल्या मंडळींपैकी काहींनी केवळ ऐकीव भीतीने घरी राहावे, हे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून क्रूझ कंपनी निवडताना जेवणाचे आणि पोशाखाचे नियम कसे पारखावेत, एवढाच विषय आज घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जेवणासाठी निराळा पोशाख करणे ही काही एकट्या साहेबाची खोड नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अनेक घरांत सोवळे नेसल्यावाचून पानावर बसता येत नसे. मुकटा, कद आणि पीतांबर ही आपली डिनर जॅकेटेच होती म्हणा ना! कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, याचे निर्बंध तर कोणत्याही आगबोटीवरील नियमांहून कडक. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून केवढे ग्रामण्य माजले आणि रानडे-टिळकांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी कशी आली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तेव्हा दुसऱ्याच्या गळ्यातील बो पाहून हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

ज्या गोपाळराव जोशांनी हे पंचहौद प्रकरण घडवून आणले, त्यांच्या पत्नी डॉ. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने त्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. अन्न शाकाहारी आणि वेष स्वदेशी, हा त्यांचा निश्चय होता. बोटीवरच्या टेबलावर त्यांना खाण्याजोगे फारच थोडे असे. त्या काळी आगबोटीने प्रवाशाची सोय पाहावी असा विचार नव्हता. प्रवाशाने बोटीच्या रीतीस जुळवून घ्यावे, नाही तर उपाशी राहावे. पुढे थंडीसाठी त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलली, पण साडी सोडली नाही; आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. १८८८ साली विलायतेस जाताना बोटीवर काट्या-चमच्याने कसे जेवावे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि कोणता पदार्थ निर्मांस आहे हे विचारण्याचा धीर नव्हता. परिणामी बरोबर नेलेल्या मिठाई-फळांवर त्यांनी आपल्या खोलीतच दिवस काढले. उतरताना मोठ्या हौसेने पांढरा फ्लॅनेलचा पोशाख चढविला, तो पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच असल्याचे आढळले! हे सारे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. तेच गांधीजी १९३१ साली 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेस गेले आणि पंचा नेसूनच बादशहाच्या राजवाड्यात जाऊन आले. या दोन प्रवासांमधील अंतर ज्याने ओळखले, त्याला पोशाखाच्या नियमाचे अर्धे मर्म कळले.

उरलेले अर्धे मर्म येथे भिलाईत आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या पोलाद कारखान्यात हेल्मेट आणि सुरक्षा-बूट यांवाचून कामावर जाता येत नाही. तेथे सवलत मागणे हा मूर्खपणा, कारण तो नियम जिवाच्या रक्षणासाठी आहे. जहाजावरील रात्रीच्या पोशाखाचा नियम शोभेसाठी असतो, आणि शोभेच्या नियमाला बहुधा एखादी खिडकी ठेवलेली असते. सरकारी नोकरीत नियमपुस्तके वाचण्यात आमचे आयुष्य गेले. 'केलेच पाहिजे' आणि 'करणे इष्ट' या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर असते, ते आम्ही जाणतो. क्रूझ कंपनीचे पत्रक याच दृष्टीने वाचावे.

आता प्रत्यक्ष तुलना करू. एका टोकाला कुनार्ड ही १८४० पासून अटलांटिक महासागरावर प्रवासी नेणारी जुनी ब्रिटिश कंपनी. तिच्या 'क्वीन मेरी २' सारख्या जहाजांवर सायंकाळनंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो, आणि सफरीतील काही रात्री 'गाला' म्हणून राखलेल्या असतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट व टाय, स्त्रियांनी समारंभी पोशाख करावा अशी रीत आहे. मात्र समारंभी राष्ट्रीय पोशाखही तेथे मान्य आहे, ही खिडकी लक्षात ठेवावी. पैठणी नेसलेल्या आपल्या भगिनीला तेथे कोणी अडविणार नाही. उलट तिच्यापुढे इतरांचे झगेच फिके पडतील! पुरुषांना बंद गळ्याचा कोट उत्तम. ज्यांना त्या रात्री नटायचेच नसेल, त्यांच्यासाठी बुफेसारख्या काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. दुसरी गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची. या जहाजांवर भोजनगृह खोलीच्या दर्जाप्रमाणे ठरते. साध्या खोल्यांचे प्रवासी 'ब्रिटानिया'त, तर महागड्या खोल्यांचे 'ग्रिल' नावाच्या स्वतंत्र भोजनगृहांत. आपल्यापैकी चौघांनी हौसेने वरच्या दर्जाच्या खोल्या घेतल्या, तर पंगत तेथेच फुटली म्हणून समजा.

मधल्या जागी रॉयल कॅरिबियनसारख्या अमेरिकी कंपन्या येतात. तेथे जेवणाच्या दोन पद्धतींतून निवड करता येते. पहिलीत वेळ ठरलेली, टेबल ठरलेले आणि बहुधा वाढपीही रोजचेच. दुसरीत आपल्या सोयीच्या वेळी जावे. ठरलेल्या वेळेत लवकरची आणि उशिराची अशा दोन पंगती असतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या आणि लवकर निजणाऱ्या ज्येष्ठांनी लवकरची मागून घ्यावी. नटण्याच्या रात्री सफरीच्या लांबीप्रमाणे असतात आणि त्या रात्रीही बुफे उघडाच असतो.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. २००० साली या कंपनीने ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सक्तीची समारंभी रात्र हे तिन्ही प्रकार मोडीत काढले आणि त्या मोकळेपणालाच आपली ओळख बनविले. ऐकताना हे सर्वांत सोयीचे वाटते. परंतु मोठ्या गटाच्या दृष्टीने पाहा. ज्याने त्याने वाटेल तेव्हा वाटेल तेथे जेवायचे म्हटल्यावर वीस माणसांना एका वेळी एकत्र जागा मिळणे कठीण. शिवाय विशेष भोजनगृहांत बऱ्याचदा वेगळे पैसे मोजावे लागतात. पोशाखाचे बंधन गेले, पण त्याबरोबर पंगतही गेली, असे होऊ शकते.

आता घरच्या अंगणातले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसच्या सफरी सुरू झाल्या. त्यांचे 'एम्प्रेस' जहाज १९९० साली मूळ रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेले. जून २०२२ मध्ये ते विशाखापट्टणमहूनही निघाले होते. आपल्याला दुर्गहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर आणि विशाखापट्टणम त्याहून पुष्कळ जवळ, म्हणून हे मुद्दाम सांगितले. येथे प्रवासी बहुतांशी भारतीय असल्याने शाकाहारी आणि जैन जेवणाची व्यवस्था असते आणि डिनर जॅकेटचा प्रश्नच उद्भवत नाही. सिंगापूरहून २०२२ पासून निघू लागलेल्या 'गेंटिंग ड्रीम' जहाजावरही भारतीय शाकाहारी भोजनाची सोय केलेली आहे. आनंदीबाईंच्या काळापासून काय बदलले, ते यावरून दिसते. आज स्वयंपाकघरच प्रवाशाकडे पाहून चूल मांडू लागले आहे.

तात्पर्य, कोणतीही कंपनी निवडण्यापूर्वी पाच प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, सफरीत नटण्याच्या रात्री किती, आणि त्या रात्री साधा पोशाख करणाऱ्याने जेवावे कोठे? दुसरा, साडी, नऊवारी, धोतर-कोट हे समारंभी राष्ट्रीय पोशाखात गणले जातात काय? तिसरा, शाकाहारी म्हणजे काय समजता? अंडे किंवा मासळीचा रस चालतो अशी काही आचाऱ्यांची समजूत असते. आपले पथ्य आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे. चौथा, आम्हां सर्वांना एकाच वेळी, एकमेकांशेजारच्या टेबलांवर बसता येईल काय, आणि खोलीच्या दर्जाने त्यात फरक पडतो काय? पाचवा, भाड्यात काय धरले आहे? विशेष भोजनगृह, पेये आणि नोकरांची बक्षिसी यांचा हिशेब पुष्कळदा निराळा असतो. उत्तर तोंडी आले तर आभार मानून पुन्हा लेखी मागावे.

दुसऱ्या प्रश्नात धोतर पाहून कोणास हसू येईल. परंतु २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसून गेलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेला अशा बंदीविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याच देशात, आपल्याच वेषाला दार बंद! तेव्हा परक्या जहाजावर आधीच विचारून घेण्यात कमीपणा काहीच नाही. विचारण्याचा धीर नसला म्हणजे खोलीत बसून मिठाई खावी लागते, हे आपण वर पाहिलेच.

आपल्या पंगतीचा एक जुना शिरस्ता आहे. शेवटच्या पानावर वाढून झाल्यावाचून पहिल्या पानावरच्याने घास उचलायचा नाही. जहाज निवडताना हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. सर्वांत तरुण, सर्वांत इंग्रजी जाणणाऱ्या आणि सर्वांत सुटाबुटातल्या सभासदाला कोणते जहाज आवडते, हे शेवटी पाहावे. आपल्यातील सर्वांत वृद्ध, लुगडे नेसणाऱ्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या आजीबाईंना ज्या जहाजावर संकोच न वाटता सर्वांच्या शेजारी बसता येईल, ते जहाज आपले. मग ते लहान असो, जुने असो, किंवा त्याची कीर्ती कमी असो.

ज्या भगिनींनी केवळ पोशाखाच्या धास्तीने आपली नावे दिली नाहीत, त्यांनी ती आजच चिटणीसांकडे नोंदवावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. पेटीत एक पैठणी मात्र असू द्यावी.