शस्त्रक्रियेनंतरचे कानातील आवाज

कानाची शस्त्रक्रिया करून रुग्ण घरी येतो. घरातील मंडळी पाऊल न वाजवता वावरतात. पण त्याला मात्र शांतता लाभत नाही. आवंढा गिळला की कानात टचकन काही फुटते, जबडा हलला की करकरते, उशीवर डोके टेकले की नाडीचे ठोके ऐकू येतात. शस्त्रक्रिया फसली, अशी धास्ती त्याच्या मनात घर करते. बहुधा ती फसलेली नसते.

फाटलेला पडदा सांधताना शल्यविशारद बहुधा कानाजवळच्या स्नायूवरील पातळ आवरणाचे ठिगळ लावतात. ते सरकू नये म्हणून विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे भरतात. हा स्पंज कित्येक आठवडे हळूहळू विरघळतो. त्यात द्रव आणि हवा मिसळते, म्हणून करकर होते. गिळताना घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नलिका क्षणभर उघडते. तोच तो टचकन होणारा आवाज.

स्वतःचा आवाज घुमतो, याचे कारण श्रोत्यांना आताच पडताळता येईल. एका कानात हलकेच बोट घालून गुणगुणून पाहावे. नाद बंद केलेल्या कानातच मोठा वाटतो. कारण हाडांतून आलेल्या कंपनांना बाहेर पडण्याची वाट उरत नाही. बाहेरचा गलबला थांबल्यामुळे नाडीही अशीच स्पष्ट होते.

रिकिबीच्या शस्त्रक्रियेनंतरचा अनुभव थोडा निराळा असतो. डॉ. जॉन शे यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत घट्ट बसलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली. अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे मंद ऐकलेल्या कानाला ताटवाट्यांचा खणखणाटही काही दिवस असह्य होतो. पडद्यामागून जाणारी चवीची नस दुखावली गेल्यास जिभेवर धातूची चव येते; तीही बहुधा हळूहळू ओसरते. कानातील शीळ मात्र सर्वांचीच जाते असे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खरा धोका आवाजांत नसून त्यांवर केलेल्या उपायांत असतो. कोणी कोमट तेल सोडतो, कोणी काडी घालतो, कोणी कान मोकळा व्हावा म्हणून नाक जोराने शिंकरतो. आणि लागत आलेले ठिगळ हलते! शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी, कानात पाणी जाऊ देऊ नये. घरच्यांनीही रोज कानाशी कुजबुजून परीक्षा घेऊ नये. कान भरलेला असताना त्या परीक्षेला अर्थ नसतो. खरी श्रवणचाचणी कित्येक आठवड्यांनीच होते.

परंतु घर गरगर फिरू लागले, ऐकू येणे एकाएकी बंद झाले, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, अथवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे.