गौरवाचा आरंभ नोंदवहीत

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



युवकांच्या कार्याचा गौरव म्हटला की शाल, श्रीफळ, हार आणि छायाचित्र हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. समारंभ पार पडतो, टाळ्या वाजतात. परंतु त्या तरुणाने नेमके काय केले, हे टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी अनेकांना सांगता येत नाही. म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच की, गौरवाचा आरंभ व्यासपीठावर नव्हे, तर नोंदवहीत व्हावा.

वऱ्हाडला युवककार्याची थोर परंपरा आहे. अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांपुढे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. या तरुणांना मिळालेली दाद त्यांच्या प्रत्यक्ष कौशल्याला होती. कोणाच्या शिफारशीची तीत गरज नव्हती.

याच जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी तर आधी खराटा हाती घ्यावा आणि मग कीर्तनाला उभे राहावे, असा क्रम घालून दिला. दिवसा गाव झाडून निघे आणि रात्री लोक त्यांचे शब्द ऐकत. कार्य आधी, शब्द नंतर, हा त्यांचा धडा गौरव करणाऱ्यांनीही गिरवावा असा आहे.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा आहे. तासांची नोंद आवश्यकच आहे. पण त्या तासांतून गावाच्या पदरात काय पडले, हे केवळ हजेरीपटावरून कळत नाही. २०१६ साली झालेल्या पहिल्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेसाठी राज्यातील तीनच तालुके निवडले गेले. त्यांत आपला वरुड होता. संत्र्याच्या बागांसाठी भूजलाचा अतिउपसा झालेल्या या तालुक्यात गावकऱ्यांनी श्रमदान केले. अशा कामाचे मोल केलेल्या कामावरून ठरते. कोणत्या शिवारात, किती लांबीचा चर खणला, हे लिहून ठेवता येते आणि कोणालाही जाऊन पाहता येते.

राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणातून जिल्हा युवा पुरस्कार सुरू झाला. हा पुरस्कार जिल्ह्यातील एक युवक, एक युवती आणि एक संस्था यांना दिला जातो. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु हजारो तरुणांच्या जिल्ह्यात शासनाचा हात दोघांच्याच खांद्यापर्यंत पोहोचतो. उरलेल्यांची दखल गावाने घ्यावयाची आहे. त्यासाठी वेगळ्या निधीची अथवा नव्या समितीची गरज नाही.

या दृष्टीने चार सूचना मांडतो.

पहिली : ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. तीत नाव, काम, ठिकाण आणि दिनांक लिहावा, आणि ज्यांना त्या कामाचा उपयोग झाला त्यांच्यापैकी एकाची सही घ्यावी.

दुसरी : गौरवाची घाई करू नये. रोप लावणाऱ्याचा सत्कार जुलैत नको. पुढच्या मे महिन्याच्या उन्हात ते रोप जगलेले दिसले, की करावा. बांधाची परीक्षाही एक पावसाळा गेल्यावरच होते.

तिसरी : मुलींच्या कामाकडे विशेष लक्ष द्यावे. मेळघाटात कोरकू बोलीत मातेला समजावून आरोग्य केंद्रापर्यंत नेणारी तरुणी, खारपाणपट्ट्यात घरचे पाणी भरून झाल्यावर शेजारच्या मुलांचा अभ्यास घेणारी विद्यार्थिनी यांचे काम घरकामातच जमा होते. ते कोणत्याही छायाचित्रात येत नाही. म्हणून ते वहीत तरी आलेच पाहिजे.

चौथी : वर्षातून ग्रामसभा भरतातच. त्यांपैकी एका सभेत ही वही मोठ्याने वाचावी. प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट कार्याबद्दल’ असे मोघम न लिहिता, केलेले काम एका वाक्यात लिहावे. असा कागद पुढे नोकरीच्या अर्जासोबत जोडला, तर वाचणाऱ्याला काही बोध होईल.

मित्रहो, गौरव हा रोजगाराला पर्याय नाही, हे मी जाणतो. कोरडवाहू कपाशीवर संसार चालत नाही म्हणून पुण्याची वाट धरणाऱ्या तरुणाला शाल थांबवू शकणार नाही. शेतकरी आत्महत्यांचे दुःख या दोन्ही जिल्ह्यांनी सोसले आहे. ते हारांनी हलके होणारे नाही. तथापि शिकून घरी बसलेला मुलगा गावाच्या दृष्टीने ‘रिकामा’ ठरतो आणि हळूहळू स्वतःच्या दृष्टीनेही रिकामा होतो. ‘तू केलेला बंधारा यंदा पाणी धरून आहे’ हे वाक्य त्याने चारचौघांत ऐकले, तर आपल्यावाचून गावाचे काही अडते, ही जाणीव त्याला होते. ती जाणीव त्याला उद्याच्या पाणीपुरवठा समितीत, शाळा व्यवस्थापन समितीत घेऊन येईल. तेथे त्याला खुर्ची देणे, हा गौरवाचा पुढचा आणि खरा भाग होय.

येथून परतल्यावर आपण प्रत्येकाने आपल्या गावातील पाच तरुण-तरुणींची नावे आणि त्यांची कामे लिहून काढावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!