सुरक्षेच्या क्षेत्रातील उमेदवारी

(राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ४ मार्च रोजी, सुरक्षा व जोखीम व्यवस्थापन विभागातील नव्या प्रशिक्षणार्थींच्या स्वागतप्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आजच्या दिवसाला एक औचित्य आहे. ४ मार्च १९६६ रोजी आपल्या देशात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि तो दिवस पुढे राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. या दिवशी आपण आपल्या प्रशिक्षणार्थींचे स्वागत करीत आहोत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तेव्हा सुरक्षेसारख्या तांत्रिक विषयावर मी काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असल्यास तो रास्तच आहे. तथापि या विषयाचा हिशेबाशी फार जवळचा संबंध आहे असे माझे मत असल्याने दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम या पदाविषयी. सुरक्षा विभागातील उमेदवार म्हणजे भिंतीवरची लाल नळकांडी मोजणारा आणि ‘सावधान’च्या पाट्या लावणारा मनुष्य, असा एक समज आहे. कारखान्यांच्या जगात या पदाला कायद्याचा आधार लाभून बराच काळ लोटला. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन एक हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे आवश्यक ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आणि ती मर्यादा पाचशे कामगारांवर, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशेवर आली. कायद्याची नजर हळूहळू लहान आस्थापनांकडे वळत आहे, हा त्याचा अर्थ.

आपला गोंदिया जिल्हा भाताचा, राईस मिलचा. मिलच्या पट्ट्यात हात सापडलेला कामगार आपल्या अपघात विभागाला अपरिचित नाही. असा कामगार आला की आपण मिलमालकाला विचारतो, पट्ट्याला जाळी का नव्हती? हाच प्रश्न आपण स्वतःच्या घरातही विचारला पाहिजे. कारण रुग्णालयात काय नाही? दाबाखाली भरलेला ऑक्सिजन आहे, जनरेटरचे डिझेल आहे, निर्जंतुकीकरणाची वाफ आहे, अहोरात्र चालणारी विद्युत उपकरणे आहेत, सुया आहेत, जंतू आहेत. कारखान्यात भोंगा वाजला की कामगार दाराकडे धावतो. आपल्याकडचा रुग्ण धावू शकत नाही. हा एकच फरक ध्यानी ठेवला, तरी तुमच्या कामाचे गांभीर्य कळेल.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या उंबरठ्यावरचे आहे. १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री, दीड-दोनच्या सुमारास, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचली, दहा दगावली. त्यांतील कोणालाही पळता येणे तर सोडाच, कूस बदलणेही शक्य नव्हते. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले, दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात पुन्हा तेच घडले. आपल्या गोंदिया शहरातही २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे एका हॉटेलला लागलेल्या आगीत सात जण मृत्युमुखी पडले. कोणाला दोष देण्यासाठी मी ही यादी वाचलेली नाही. यांतील बहुतेक घटना रात्री वा पहाटे घडल्या, जेव्हा जागे असणारे डोळे कमी असतात, याकडे मला लक्ष वेधावयाचे आहे.

म्हणूनच, मित्रहो, तुमच्या उमेदवारीचा पहिला धडा पाहण्याचा आहे. जुन्या माणसाला रोजची वस्तू दिसेनाशी होते. मागच्या जिन्यात ठेवलेल्या मोडक्या खाटा आम्हांला अडगळ वाटतात. तुम्हांला तो बंद झालेला रस्ता वाटला पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत तुमची नजर कोरी असते आणि या संस्थेच्या दृष्टीने तीच तुमची मोठी शिदोरी आहे. दिवसा फिरा, पण रात्री दोन वाजताही एक फेरी मारा. मागच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, ती व्यक्ती या क्षणी कोठे आहे, हे विचारा. जुन्या इमारतीतील वायरिंग चार पंखे आणि दहा दिव्यांसाठी घातलेले असते. त्याच तारांवर पुढे वातानुकूलन यंत्रे, वॉर्मर आणि मॉनिटर चढत जातात. गोंदियाच्या मे महिन्यातील उन्हाळा आपण सर्वांनी सोसला आहे. त्या दिवसांत एखाद्या बोर्डाजवळ हात नेला आणि ऊब लागली, तर ती नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.

दुसरा धडा शब्दांचा. धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. तुमच्या शास्त्रात ते निराळे आहेत. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हा धोका आहे आणि तो रुग्णालयात राहणारच. साखळीने भिंतीला बांधलेल्या सिलिंडरची जोखीम अल्प, तर वाटेत मोकळ्या उभ्या केलेल्या सिलिंडरची मोठी. त्याच्या झडपेला कोणी भाबडेपणाने तेल वा ग्रीस लावले, तर ती आणखी वाढते, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल आपोआप पेट घेऊ शकते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास हानी किती, या दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम.

येथे माझे वाणिज्य कामी येते. ताळेबंदाच्या तळाशी आम्ही ‘संभाव्य देणी’ अशी टीप देतो. आज ते देणे नसते, पण उद्या उभे राहू शकते. म्हणून ते लपवून चालत नाही. तुमची जोखीम नोंदवही ही या रुग्णालयाच्या संभाव्य देण्यांची वही होय. पैशांची देणी कर्ज काढून फेडता येतात. या वहीतील देणी मात्र माणसांच्या जिवाने फेडावी लागतात.

तिसरा धडा कान उघडे ठेवण्याचा. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थांनी १९३१ साली असे मांडले की, एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि इजा न झालेल्या ३०० घटना असतात. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रमाण निघेल असे कोणी मानू नये. परंतु थोडक्यात टळलेली घटना ही फुकट मिळालेली सूचना असते, हे त्यातील सार आजही उपयोगी आहे. अडचण अशी की, ही सूचना ज्याला मिळते तो बहुधा बोलत नाही. ओल्या फरशीवर घसरता घसरता सावरलेल्या मावशी, चुकीची बाटली हाती घेऊन वेळीच ठेवून देणाऱ्या सिस्टर, ठिणगी पाहिलेला कक्षसेवक, यांना बोलते करणे हे तुमचे काम. आपण बोललो म्हणून आपल्यावरच बालंट येईल, ही भीती ज्या संस्थेत असते, तेथील नोंदवही कोरी राहते. आणि कोरी नोंदवही पाहून व्यवस्थापन उगाच निर्धास्त होते.

चौथा धडा उपायांच्या क्रमाचा. त्यासाठी सुईचे उदाहरण घेऊ. वापरलेली सुई सफाई कामगाराच्या बोटाला टोचली, की आपण म्हणतो, हातमोजे घालायला हवे होते. वस्तुतः हातमोजा हा क्रमातील शेवटचा उपाय. जी इंजेक्शने टाळता येतात ती टाळणे, हा पहिला. मग अधिक सुरक्षित सिरिंज. मग खाटेजवळच सुई नष्ट करण्याचे यंत्र आणि न टोचणारा पांढरा डबा. त्यानंतर नियम व प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी हातमोजा. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी बाधित रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता शंभरात तिसापर्यंत असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात सुमारे तीन असते. पहिल्यासाठी लस आहे. दुसऱ्यासाठी प्रतिबंधक औषधे आहेत, पण ती शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांचे लसीकरण ही रुग्णालयाची जबाबदारी ठरवली आहे. ‘सर्वांचे’ या शब्दात कंत्राटी कामगारही येतो. त्याचे नाव आपल्या हजेरीपटावर नसते, पण सुई हजेरीपट पाहून टोचत नाही. तुमच्या पहिल्या महिन्याच्या अहवालात त्याच्या लसीच्या तीन मात्रांची तारीखवार नोंद मला पाहावयाची आहे.

आता तुमच्या खऱ्या अडचणीविषयी. तुम्ही वयाने लहान, पदाने सर्वांत खालचे. पंचवीस वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसाहेबांना ‘साहेब, हे दार उघडे ठेवू नये’ असे कसे म्हणावे? हे धैर्य एकट्या उमेदवाराकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. त्याला संस्थेचा आधार हवा. म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने मी तीन गोष्टी येथे जाहीर करतो. जोखीम नोंदवही दरमहा विश्वस्तांच्या बैठकीत हिशेबाच्या वहीबरोबर ठेवली जाईल. प्रत्येक नोंदीला लेखी उत्तर मिळेल. खर्च परवडत नसेल तर तसेही लिहिले जाईल आणि त्याखाली माझी स्वाक्षरी असेल. आणि प्रामाणिकपणे केलेल्या नोंदीबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपणांसही एक विनंती. आपल्या दातृत्वाने येथे यंत्रे आली, खाटा आल्या, त्यांवर आपल्या पूज्य माता-पित्यांची नावे कोरली गेली आणि ते योग्यच झाले. परंतु भिंतीच्या आतील तारेवर कोणाचे नाव कोरता येत नाही. आग रोखणारे दार, धुराची सूचना देणारे यंत्र, नवे वायरिंग यांना उद्घाटनाची फीत नसते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, द्यावे लागते. ते कागदावर मिळवणे सोपे आहे. यंत्रणा खरोखर सुस्थितीत राखणे खर्चिक आहे. जो दाता अशा अदृश्य कामाला हात देईल, त्याचे पुण्य यंत्रदान करणाऱ्याहून तसूभरही कमी नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही नम्र सांगणे आहे. आपण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावहून, कधी सीमेपलीकडील बालाघाट, राजनांदगावहून येता. रात्र काढण्यास जागा हवी असते, म्हणून जिन्यात अंथरूण टाकता. खाटेजवळच्या सॉकेटला मोबाईल, क्वचित पाणी तापवण्याची कांडीही लावता. आमचा उमेदवार आपणांस उठवील, पिशव्या हलविण्यास सांगेल, तेव्हा तो उद्धट आहे असे समजू नये. प्रसंग ओढवला, तर आपल्याच माणसाची खाट त्या वाटेने शेजारच्या सुरक्षित कक्षात न्यावयाची असते. मराठी वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेर पडण्याच्या खुणा चित्रांनी दाखवाव्यात, ही सूचना मी आजच नोंदवहीत करीत आहे. तिची पहिली नोंद माझी असू द्या.

मित्रहो, डॉक्टरांनी वाचवलेला रुग्ण घरी जाताना पाया पडतो, पेढे देतो. तुम्ही वाचवलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळणारही नाही. जी आग लागली नाही, जी सुई टोचली नाही, तिची नोंद कोणत्याही जमाखात्यात होत नाही. असे असूनही हे काम निवडल्याबद्दल मी संस्थेच्या वतीने तुमचे अभिनंदन करतो. वर्षअखेरीस अहवाल लिहिताना ‘उल्लेखनीय असे काही घडले नाही’ हे वाक्य तुम्हांला प्रामाणिकपणे लिहिता यावे, अशी शुभेच्छा देतो.