मका, अल्पभूधारक आणि परकीय साहाय्य
(ग्रामविकास कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



परकीय साहाय्याचा विषय निघाला की आपण प्रथम रकमेचा विचार करतो. रक्कम खर्च झाल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती काय उरले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयुक्त ठरेल असा मेक्सिको देशातील पुएब्ला योजनेचा अनुभव मी आज आपणापुढे मांडणार आहे.

ही योजना १९६७ मध्ये सुरू झाली. रॉकफेलर प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य आणि आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राचे मार्गदर्शन तिला लाभले होते. पुएब्लाचे खोरे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथे सुमारे ४० हजारांवर शेतकरी कुटुंबे, प्रत्येकी सरासरी अडीच हेक्टर जमिनीवर, मुख्यतः पावसाच्या भरवशावर मका पिकवीत होती. मका हेच त्यांचे रोजचे अन्न होते. उत्पादन हेक्टरी सुमारे १३ क्विंटल होते. ते पाच वर्षांत दुप्पट करावे, असा संकल्प सोडण्यात आला.

तज्ज्ञांनी प्रयोग संशोधन केंद्राच्या कुंपणाआड न करता शेतकऱ्यांच्याच शेतांत केले. तेव्हा असे आढळून आले की, नव्या संकरित वाणांच्या तुलनेत तेथील स्थानिक वाण बहुधा उणे ठरत नव्हते. उणीव होती ती खताची आणि रोपांच्या संख्येची. नत्राची मात्रा विभागून द्यावी, थोडी पेरणीच्या वेळी व उरलेली आंतरमशागतीच्या वेळी, आणि रोपे दाट ठेवावीत, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होय. पुढे सर्व खोऱ्यासाठी एकच शिफारस न ठेवता जमीन व पेरणीची वेळ पाहून निरनिराळ्या शिफारशी करण्यात आल्या.

आता परिणाम पाहू. १९६८ मध्ये या पद्धतीने पीक घेणारे शेतकरी शंभराच्या आसपास होते. १९७३ पर्यंत कर्जगटांत आलेल्यांची संख्या सात हजारांच्या घरात गेली. ही वाढ लहान नव्हे. तथापि, मोठी बहुसंख्या बाहेरच राहिली, हेही तितकेच खरे. त्यांना अज्ञानी किंवा आळशी म्हणणे सोपे होते. परंतु ज्याचे पीक गारपिटीने, धुक्याने नव्हे तर हिमतुषाराने किंवा पावसाच्या खंडाने एका रात्रीत वा एका पंधरवड्यात जाऊ शकते, त्याने कर्ज काढून खत घालण्यास कचरणे यात अविचार कोणता? पतपुरवठा करणाऱ्या बँकांना लहान शेतकऱ्याची सवय नव्हती. खत वेळेवर मिळाले नाही, तर विभागून देण्याची शिफारस कागदावरच राहते. शिवाय पुष्कळ कुटुंबे मजुरीवरही अवलंबून होती. अधिक कष्टाचे पीक त्यांना परवडतेच असे नव्हते.

आणखी एक गोष्ट. तेथील शेतकरी मक्यात घेवडा घेत असत, जसे आपण ज्वारीत तूर घेतो. प्रारंभी तज्ज्ञांचे लक्ष केवळ मक्यावर होते. पुढे मिश्रपिकाचा अभ्यास झाला, तेव्हा या जुन्या रीतीचे मोल ध्यानात आले. शिकविण्यास गेलेल्यांनाच काही शिकावे लागले.

१९७३ नंतर बाहेरचे केंद्र मागे सरले आणि काम मेक्सिकोतील संस्थांकडे आले. कोलंबिया, पेरू या देशांतही या धर्तीवर प्रयत्न झाले. आपल्या देशातही १९५७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्याच सहकार्याने अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ मध्ये गंगा १, रणजित, डेक्कन इत्यादी पहिले संकरित वाण प्रसारित झाले. दोन्हीकडे देणगी ही आरंभाची शिदोरी होती. वाटचाल स्थानिक संस्थांनाच करावयाची होती.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. गावात एखादी नवी योजना आली आणि काही शेतकरी तिच्यापासून दूर राहिले, तर त्यांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांच्या बांधावर जावे. खत केव्हा पोहोचले, कर्ज कोणास नाकारले गेले, पीक बुडाल्यास भार कोणावर पडणार, हे विचारून त्याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. योजनेतील दोष पुष्कळदा त्या नोंदीतच सापडतो आणि तो वेळीच सापडला, तर साहाय्य संपल्यावरही शेत पिकत राहते.