दुआर्नने : डबे भरणाऱ्या बायांचे गाव

(जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या सत्राला आपण 'लढ्यानंतर' असे नाव दिले आहे. लढा कसा उभारायचा, निवेदन कसे लिहायचे, मोर्चा कसा काढायचा यावर आपण पुष्कळ बोलतो. पण लढा संपला, पाहुणे पुढारी आपापल्या गावी गेले, की त्यातल्या बायांचे काय होते? त्यासाठी मी तुम्हाला जरा लांबच्या गावी नेणार आहे.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून एक सत्र मला फ्रान्समध्ये शिकायला मिळाले. वर्ग भरत कँपेर शहरात. तिथली भाडी परवडत नव्हती, म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुआर्नने या समुद्रकाठच्या गावात मी खोली घेतली आणि बसने ये-जा करू लागले. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, त्यातले हे गाव. वस्ती चौदा-पंधरा हजारांची. उतारावरची घरे, खाली बंदर, सतत वारा आणि पाऊस. मी रत्नागिरीची, तेव्हा मासळीचा वास मला नवा नव्हता. नवी होती ती गोष्ट वेगळीच. या गावाची ओळख बोटींवरच्या पुरुषांच्या नावाने सांगितली जात नाही, ती कारखान्यातल्या बायांच्या नावाने सांगितली जाते.

त्या बायांना 'पेन सार्दिन' म्हणत. ब्रेतों भाषेत याचा अर्थ सार्डिनचे डोके. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी. बाया डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी घालत, तिलाही हेच नाव. मासळीची डोकी काढायची, मिठात घालायची, वाळवायची, तेलात तळायची आणि डब्यात ओळीने रचायची हे सगळे काम बायांचे. दहा-बारा वर्षांच्या मुलीही त्यात असत. बोटी लागल्या की कारखान्याचे बोलावणे येई, मग दिवस असो की मध्यरात्र. मासळी नासते, म्हणून ती संपेपर्यंत उठायचे नाही. फ्रान्समध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा 1919 साली झाला होता, पण या कारखान्यांच्या दारापर्यंत तो पोहोचला नव्हता.

आधी मजुरी हजार नगांवर मिळे. 1905 साली बायांनी संप करून ती तासावर आणली. 1924 मध्ये हा दर ताशी 80 सांतीम होता, म्हणजे एक फ्रँकसुद्धा नाही. त्या नोव्हेंबरात पुन्हा संप सुरू झाला आणि वीसेक कारखान्यांतल्या सुमारे दोन हजार बाया बाहेर पडल्या. 'पेम्प रेआल आ वो' ही त्यांची घोषणा होती. पाच रेआल, म्हणजे सव्वा फ्रँक, मिळालेच पाहिजेत. घोषणा फ्रेंचमध्ये नव्हती, त्यांच्या घरातल्या बोलीत होती, हे लक्षात घ्या. ज्या भाषेत भांडायची सवय, त्याच भाषेत त्या मालकाशी भांडल्या.

संप सहा आठवड्यांहून अधिक चालला. मच्छीमारांनी साथ दिली. गावचे कम्युनिस्ट महापौर दानिएल ल फ्लांशेक मोर्चाच्या पुढे चालत. ल्युसी कोलियार ही शिक्षिका-कार्यकर्ती बाहेरून मदतीला आली आणि पुढे या संपावर तिने पुस्तिका लिहिली. बाहेरून आणलेल्या संपफोड्यांनी 1 जानेवारी 1925 रोजी महापौरांवर गोळ्या झाडल्या. ते वाचले, पण गाव पेटले आणि मालकांची बाजू पडली. 6 जानेवारीला तडजोड झाली. बायांना ताशी एक फ्रँक, जादा तासांना आणि रात्रीच्या कामाला वाढीव दर, आणि संपाबद्दल कोणालाही कामावरून काढायचे नाही, असे ठरले. मागितले सव्वा, मिळाला एक. तरीही हा विजयच होता.

आता विजयानंतरचा भाग, ज्यासाठी मी ही हकिगत सांगते आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात नगरपालिकेच्या निवडणुका आल्या. फ्रान्समध्ये तेव्हा बायांना मतही देता येत नव्हते, उभे राहता येत नव्हते. कम्युनिस्ट पक्षाने मुद्दामच काही गावांत यादीत बाया घातल्या. दुआर्ननेत जोझेफिन पेनकाले या संपकरी कामगार बाईचे नाव होते. विधवा, पदरात दोन मुले. पुरुषांच्या मतांवर ती निवडून आली आणि काही महिने सभागृहात बसली. नोव्हेंबर 1925 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिची निवड रद्द ठरवली. कारण एकच, ती बाई होती.

आपल्याकडचे चित्र शेजारी ठेवून पाहा. मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना कायदेमंडळासाठी मताचा अधिकार 1921 सालीच मिळाला होता. 1923 मध्ये अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेच्या सदस्य होत्या. अर्थात मालमत्तेच्या अटीमुळे आपली गिरणी कामगार बाई त्या अधिकाराबाहेरच होती, हेही विसरू नका. फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले ते 1945 साली. म्हणजे 'पुढारलेला देश' हा शब्द आपण जपून वापरलेला बरा.

निवड रद्द झाल्यावर पेनकाले डबे भरायला परत गेली. 1972 साली ती वारली. पक्षाने आपल्याला वापरून घेतले असे तिला वाटत राहिले आणि अधिकार मिळाल्यावरही ती मतदानाला गेली नाही, असे तिच्या घरच्यांनी सांगितले आहे. पुढे गावाने तिची आठवण जागवली, 2024 साली संपाची शताब्दीही साजरी केली. पण मधली कितीतरी वर्षे ती गप्प होती आणि गावही तिच्याबद्दल गप्प होते.

माझी घरमालकीण ऐंशीच्या घरातली होती. मी तिला मादाम म्हणे आणि ती मला बरेच दिवस 'तुम्ही'च म्हणत होती. संपाच्या वेळी तिची आई सोळा वर्षांची होती, कारखान्यातच. मी विचारले, आई संपाबद्दल काय सांगायची? ती म्हणाली, "काहीच नाही. मिठाने बोटांना जखमा व्हायच्या ते सांगायची. आणि भांडी घासताना मोर्चातली गाणी म्हणायची. गाणी कसली आहेत, ते मला शाळा सुटल्यावर कळलं." आज गावातल्या दुकानांत पांढऱ्या टोपीतल्या हसऱ्या बाईची चित्रे विकत मिळतात. तिची बोटे कोणी काढत नाही.

मैत्रिणींनो, हे सगळे मला इथे परत आल्यावर जास्त उमगले. 1990 च्या दशकात गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये केरळमधून मुली आणल्या जात. त्या शेडजवळच राहायच्या आणि माल आला की रात्री-अपरात्री कामाला बसायच्या. मासळी नासते हे कारण दोन्ही किनाऱ्यांवर एकच. मासळी बर्फात ठेवता येते, पण बाईची झोप कुठे ठेवणार?

जागेची गोष्टही तशीच. 1993 पासून 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आपली बाई निवडून येते म्हणून कोणतेही न्यायालय तिची निवड रद्द करत नाही. पण तिच्या खुर्चीवर नवरा बसतो, नाही बसला तर अविश्वास ठराव येतो. आणि आपण? तिच्या विजयाच्या मिरवणुकीला आपण सगळ्या होतो. ठराव आला त्या दिवशी तिच्याबरोबर पंचायतीत किती जणी गेलो?

पेनकालेला उमेदवारी देणाऱ्यांना कायदा माहीत होता. निवड रद्द होणार हे ठाऊक असूनही त्यांनी तिला उभे केले, आणि ते चुकीचे होते असे मी म्हणत नाही. अन्याय्य कायदा असाच उघडा पाडावा लागतो. मात्र ज्या बाईच्या खांद्यावरून तो उघडा पाडायचा, तिच्या पुढच्या वर्षांची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरायला हवे. म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या प्रत्येक लढ्याच्या वहीत शेवटी एक पान कोरे ठेवा. लढ्यातल्या बायांची नावे त्यावर लिहा आणि वर्षानंतर, पाच वर्षांनंतर त्या कुठे आहेत ते नावासमोर नोंदवा. कोणाचे काम गेले, कोणाच्या घरात मारहाण वाढली, कोण बैठकीला यायची थांबली आणि का, हे सगळे लिहा. हे पान भरायला जी कार्यकर्ती घरोघर जाईल, तिला पुढच्या लढ्यात बाया विश्वासाने साथ देतील.

आता प्रश्न विचारा. आणि उत्तरे फक्त मीच द्यायची असे नाही.