पाल दिसली, आता काय?

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उन्हाळा तापू लागला की मला फोन सुरू होतात. काही सापांचे असतात, पण पालींचेही कमी नसतात. "सर, घरात विषारी पाल निघालीय, काय करू?" बरेचदा हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतो तोवर तिच्यावर झाडू पडून गेलेला असतो. त्या झाडूच्या आधीची दोन मिनिटे मला आज तुमच्याकडून मागून घ्यायची आहेत. तेवढ्या वेळात पाल नीट बघता येते, आणि ती कोण आहे हे कळले की तिचे काय करायचे हेही बहुधा कळते.

आधी विषाचे बोलू, कारण ते मनातून गेल्याशिवाय पुढचे काही डोक्यात शिरणार नाही. भारतातली एकही पाल विषारी नाही. तिच्याकडे विषाची ग्रंथी नाही, विषाचा दात नाही, तिच्या कातडीतून विष पाझरत नाही. मग पाल पडलेले अन्न टाकून का द्यायचे? तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, आणि त्यांनी उलट्या-जुलाब होऊ शकतात म्हणून. उपाय साधा आहे. अन्न झाकून ठेवा, ओटा पुसा, पालीला किंवा तिच्या विष्ठेला हात लागला तर साबणाने धुवा. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा खडा दिसला की ती पालीची समजा. तो पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, तिची घट्ट लघवी. पाणी वाचवायची ही तिची रीत आहे.

भीतीचा दुसरा धागा शकुनाचा. पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, याचे कोष्टक अनेक पंचांगांत छापलेले असते. तिकडे कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला एक सोनेरी आणि एक रुपेरी पाल आहे. दोष जावा म्हणून भाविक रांगेत उभे राहून त्यांना हात लावतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण छतावरून पाल पडते ती कधी तिचा पाय निसटतो म्हणून, कधी दोघी भांडतात म्हणून. तिच्या पडण्यात तुमच्यासाठी निरोप नसतो, आणि पडली म्हणून तिला मारण्याचे कारण तर मुळीच नसते.

आता ओळख. रात्री व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि तीन गोष्टी बघा: शेपूट, बोटे, डोळे. अंग करडे, लांबी शेपटीसकट चार-पाच इंच, शेपटीच्या कडेने बारीक काट्यांची वलये, आणि मधूनच "चक्‌ चक्‌ चक्‌" असा खणखणीत आवाज. ही 'हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस'. कोकणात आणि मुंबईत हिचे राज्य आहे. जहाजांतल्या मालाबरोबर ही जगभरच्या उष्ण बंदरांत पोहोचली. दुसरी अंगाने थोराड, कातडी गुळगुळीत, पोटाकडे पिवळसर झाक. ही 'फ्लेव्हिविरिडिस'. देशावरच्या कोरड्या हवेत हीच जास्त दिसते. तिसरी ठिपक्यांची. पाठभर गडद ठिपके आणि दाण्यांच्या रांगा. ती बरेचदा कुंड्यांच्या, विटांच्या आडोशाने घरात शिरते. अंगणात जुने झाड असेल तर सालीच्या रंगाची, पाठीवर नागमोडी पट्टे असलेली पालही भिंतीवर येते. शेपटीवरून ओळखताना एक सांभाळा. शेपूट तुटून पुन्हा आली असेल तर ती सपाट, एकरंगी असते आणि तिच्यावर काटे नसतात. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते.

बोटे बघायची तर पाल काचेवर हवी. खिडकीच्या बाहेरून ती चढत असेल तेव्हा आतून टॉर्च लावा. बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे रोम असतात आणि प्रत्येक रोमाची टोके शेकडो शाखांत फुटलेली असतात. आग्नेय आशियात, आपल्या ईशान्य भारतातही, 'टोके' नावाची मोठी पाल असते. तिच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख रोम असतात. 2000 मध्ये शास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या एकाच रोमाची पकड मोजून दाखवली. 2002 मध्ये त्यांनीच दाखवले की ही पकड व्हॅन डर वाल्स बलाची आहे. रेणू एकमेकांच्या अगदी जवळ आले की जी ओढ निर्माण होते, ती. तिथे गोंद नाही, हवेची पोकळी नाही. पाऊल उचलताना पाल बोटे टोकाकडून वर गुंडाळते. हे मी एवढे का सांगतो? भिंतीवरची पाल मागे ओढून काढायची नसते, तिला स्वतः चालून उतरू द्यायचे असते, हे यातून समजते.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. या सगळ्या घरपालींना पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते त्या जिभेने पुसतात. उजेडात बाहुली उभ्या फटीसारखी होते. बाहुली गोल असेल, बोटे बारीक नखाची असतील आणि पाल दिवसा हिंडत असेल, तर ती सह्याद्रीतल्या कड्या-झाडांवरच्या छोट्या पालींपैकी असण्याची शक्यता आहे. अशांपैकी 'निमास्पिस कोल्हापुरेन्सिस' 2009 मध्ये शास्त्राला कळली. साताऱ्याच्या पठारावरची 'हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस' 2008 मधली. डॉ. वरद गिरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही नोंद करेपर्यंत त्यांना नावही नव्हते. म्हणून सांगतो, डोंगराजवळच्या घरात वेगळी पाल दिसली तर आधी फोटो काढा.

आणि ती 'विषारी' पाल? तिचा फोटो मागवला की बहुतेक वेळा बिबट्या पाल निघते. अंगावर ठिपके, पिल्लाच्या अंगावर ठळक पट्टे, शेपूट जाड, आणि ही चक्क डोळे मिटते, कारण हिला पापण्या आहेत. हिच्या बोटांना चिकटपट्ट्या नाहीत, त्यामुळे ती भिंत चढू शकत नाही. जमिनीवरून अंग उचलून सावकाश चालते. पाऊस पडला किंवा शेजारी पाया खणला की दगडांतून बाहेर पडते आणि दारातून आत येते. घाबरली की पाय ताठ करून, शेपूट हलवून उभी राहते. त्या आविर्भावानेच तिचा जीव जातो. एवढ्या निरुपद्रवी प्राण्याला आपण केवळ गैरसमजातून मारतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता करायचे काय? भिंतीवरची घरपाल असेल तर काहीच नाही. ती दिव्याभोवतीचे किडे, डास, लहान झुरळे खाते. फोटोफ्रेममागे वाटाण्याएवढी दोन पांढरी, टणक अंडी सापडली तर ती फिरवू नका, जागची हलवू नका. दीड-दोन महिन्यांत पिल्ले निघतात आणि आपापली वाट धरतात. खोलीतून बाहेर काढायचीच असेल तर रुंद तोंडाची बरणी तिच्यावर अलगद टेकवा, खालून जाड कागद सरकवा. शेपटीला हात लावायचा नाही. ती तुटेल, वळवळत राहील, आणि तिच्यात साठवलेली चरबी पालीला गमवावी लागेल. संध्याकाळी त्याच आवारात सोडा. घरपाल दूर रानात नेऊन सोडू नका, तिथे ती परकी असते. बिबट्या पाल मात्र जवळच्याच दगडधोंड्यांच्या, झुडपांच्या आडोशाला सोडा. तिला पाळायला ठेवू नका, विकत घेण्या-देण्याचा तर विचारही नको.

अशक्त पाल सापडली तर खोक्यात टिश्यू पेपर घाला, झाकणाला छिद्रे पाडा, खोके सावलीत ठेवा. ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब नाकपुडी टाळून ओठाच्या कडेला लावा, ती स्वतः चाटेल. दूध, भात, पोळी यांतले काही देऊ नका. ती जिवंत, हलता किडाच खाते. एका रात्रीत तरतरी आली की सोडून द्या.

सर्वांत वाईट हाल होतात ते उंदरांसाठी लावलेल्या चिकट पॅडवर. अडकलेली पाल ओढू नका, कातडी सोलली जाते. आधी उघड्या गोंदावर पीठ किंवा कागद टाका, म्हणजे ती आणखी चिकटणार नाही. मग मऊ ब्रशने पायांभोवती खाद्यतेल सोडा. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे, घरात असेल ते. नाकातोंडात जाऊ देऊ नका. थोडे थांबा. एक बोट सुटले की त्याखाली कागद सरकवा, मग पुढचे. रॉकेल, थिनर चुकूनही वापरू नका. सुटल्यावर मऊ कापडाने तेल टिपा आणि तिला रात्रभर खोक्यात ठेवा. पायांना तेल असेपर्यंत तिला भिंत धरता येत नाही. नखे, बोटे शाबूत असली तर कात टाकल्यावर पकड परत येते.

आणि शेवटची विनंती याच पॅडबद्दल. उंदरांचा त्रास खरा आहे, पण हे पॅड काही उंदीर ओळखत नाही. त्यावर पाल, सरडा, चिमणीचे पिल्लू, जे येईल ते अडकते आणि तासन्‌तास तडफडते. उंदरासाठी पिंजरा लावा. आज घरी गेल्यावर कपाटामागे, सिंकखाली, माळ्यावर असा पॅड आहे का ते बघा, आणि असेल तर तो काढून टाका.